नैराश्याची गोळी आणि ज्येष्ठांचं पडणं: दोष नेमका कुणाचा?

कंदीलवाला

'नैराश्याच्या गोळ्यांनी म्हातारी माणसं पडतात, आजच्या आज बंद करा' अशा अर्थाची ढकलपत्रं ज्येष्ठ नागरिकांच्या गटांवर फिरत असतात. त्यातला पहिला भाग निव्वळ थाप नाही. अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांची संघटना ज्येष्ठांच्या बाबतीत टाळायच्या किंवा जपून वापरायच्या औषधांची यादी काढते. मार्क बिअर्स या डॉक्टरांनी ती १९९१ मध्ये पहिल्यांदा केली, म्हणून ती बिअर्स यादी. तिच्या २०२३ च्या आवृत्तीतही म्हटलंय की जी व्यक्ती आधी पडलेली आहे किंवा जिचं हाड मोडलेलं आहे तिला, दुसरा सुरक्षित पर्याय असेल तर, नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्या देणं टाळावं.

दुसऱ्या भागाबद्दल, म्हणजे 'आजच्या आज बंद करा' याबद्दल, मला शंका आहे. जाणकारांना तीन प्रश्न. सगळ्या गोळ्या सारख्याच का? शरीरात असं काय होतं की माणूस पडतो? आणि घरच्यांनी नेमकं काय मोजायचं, काय बघायचं? 'काळजी घ्या' हे उत्तर नको, ते आम्हालाही येतं.

एक विनंती: कुणाच्या घरची कहाणी इथे नको आणि 'मग मी किती मिलिग्रॅम घेऊ' हेही नको. त्यासाठी आपापले डॉक्टर आहेत.

गुडघेदुखी

पहिला! माणूस गोळीने पडत नाही हो, गोळी आणायला मेडिकलपर्यंत जातो त्या फुटपाथवर पडतो.

निवांत_नाडी

फुटपाथचं खरं असलं तरी ज्येष्ठांचं बरंचसं पडणं घरातच होतं.

आधी 'चक्कर' या शब्दाचा निकाल लावू, कारण अर्धा घोळ तिथेच आहे. मराठीत आपण तीन वेगळ्या गोष्टींना चक्कर म्हणतो. खोली गरगर फिरते ती एक. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते ती दुसरी. आणि डोकं ठीक असतं पण पाय भलतीकडे पडतात ती तिसरी. पहिली बहुतेक वेळा कानाची. दुसरी रक्तदाबाची किंवा हृदयाच्या ठोक्यांची. तिसरी गुंगीची, सोडियमची किंवा पायांच्या नसांची. डॉक्टरांनी विचारलं 'चक्कर येते का?' आणि उत्तर नुसतं 'हो' आलं, की पुढचं सगळं नशिबावर.

आता गोळ्या. जुन्या गटातल्या ॲमिट्रिप्टिलिन, इमिप्रामिन, डोसुलेपिन या रक्तवाहिन्या आवळून धरणारी यंत्रणा ढिली करतात. माणूस उभा राहिला की रक्त पायांत उतरतं, वर चढवायला वेळ लागतो, तेवढ्यात अंधारी येते. शिवाय तोंड कोरडं पडणं, लघवी तुंबणं, नजर धूसर होणं, गोंधळल्यासारखं होणं हे वेगळंच. नॉरट्रिप्टिलिन त्याच घराण्यातली, पण रक्तदाबाच्या बाबतीत जरा सौम्य. झोपेसाठी दिली जाणारी ट्रॅझोडोनही उठताना रक्तदाब पाडते.

नव्या गटातल्या एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन या गोळ्या त्या मानाने रक्तदाबाला कमी त्रास देतात. म्हणून वर्षानुवर्षं त्या 'सुरक्षित' समजल्या गेल्या. त्यांची खोड दुसरीकडे आहे: रक्तातलं सोडियम उतरवणं. त्याच गटातली पॅरोक्सेटिन तर जुन्या गोळ्यांसारखी तोंड कोरडं करते आणि डोकं जड करते. ज्येष्ठांसाठी ती शेवटच्या क्रमांकावर ठेवावी हे माझं मत.

उठतानाचा रक्तदाब घरी असा मोजा. ५ मिनिटं सपाट झोपवून पहिला आकडा घ्या. मग उभं करून १ मिनिटाने दुसरा, ३ मिनिटांनी तिसरा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर ती नोंद डॉक्टरांना दाखवायची. उभं असताना हात लोंबता ठेवला तर आकडा खोटा वाढतो आणि घसरण लपते, म्हणून हात टेबलावर किंवा कुणाच्या हातावर छातीच्या उंचीला टेकवा. पट्टा सदऱ्यावरून बांधू नका. शक्यतो सकाळी उठल्याउठल्या मोजा. बाजूला माणूस हवा, आणि अंधारी आली तर मोजणं सोडून आधी बसवा. दवाखान्यात संध्याकाळी खुर्चीत बसवून घेतलेला '१३०/८०' या प्रश्नाचं उत्तर देत नाही.

शंकेखोर

वरचा प्रतिसाद उत्तम, पण आकडेवारीबद्दल सावध करतो. ज्याला नैराश्य आहे तो गोळी नसतानाही जास्त पडतो. खाणं कमी, झोप मोडलेली, हालचाल मंद, लक्ष ठिकाणावर नाही. त्यामुळे 'गोळी घेणारे जास्त पडतात' यातून 'गोळीमुळे पडतात' हे आपोआप सिद्ध होत नाही.

तरी दोन अभ्यास बाजूला सारता येत नाहीत. १९९८ मध्ये अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या वृद्धाश्रमांमधल्या २,४२८ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जुन्या गटाच्या गोळ्यांवर पडण्याचं प्रमाण सुमारे २ पट, नव्यांवर १.८ पट. म्हणजे 'नवी गोळी सुरक्षित' हा समज तिथेच ढासळला. मग २०११ मध्ये ब्रिटनमधला मोठा अभ्यास आला. नैराश्याचं निदान झालेले ६५ वर्षांपुढचे ६०,७४६ रुग्ण. सगळ्यांनाच नैराश्य होतं, त्यामुळे तुलना जरा सरळ झाली. नव्या गटाच्या गोळ्या चालू असताना पडण्याचा धोका गोळी नसतानाच्या १.६६ पट निघाला, जुन्या गटापेक्षाही जास्त. अर्थात जुन्या गोळ्या ज्येष्ठांना अनेकदा अगदी कमी मात्रेत दिल्या जातात, तो फरक त्यात मिसळलेला आहेच.

मला त्यातली सगळ्यात कामाची गोष्ट वाटते ती वेळेची. बऱ्याच दुष्परिणामांचा धोका गोळी सुरू केल्यावरच्या पहिल्या २८ दिवसांत सर्वाधिक होता, आणि गोळी थांबवल्यावरच्या पहिल्या २८ दिवसांतही. कंदीलवाला, तुमच्या ढकलपत्राचा दुसरा भाग इथे निकालात निघतो.

खलबत्ता

इथे सगळे 'नैराश्याची गोळी' म्हणताहेत. औषधाच्या दुकानाच्या काउंटरमागून चित्र वेगळं दिसतं. कित्येक ज्येष्ठांना आपण ही गोळी घेतो हेच माहीत नसतं.

पायाची आग, मुंग्या, कंबरेतून पायात जाणारी कळ यांसाठी 'नसांची गोळी' मिळते. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत वाचा: प्रीगाबालिन ७५, नॉरट्रिप्टिलिन १०, मिथाइलकोबालामिन १५००. मधलं नाव नैराश्याच्या जुन्या गटातलं, आणि प्रीगाबालिन स्वतःच गुंगी आणणारं. मधुमेहाच्या पायांसाठी ड्युलॉक्सेटिन देतात, तेही मुळात नैराश्यावरचंच. पोटाच्या तक्रारीसाठी कधीकधी ॲमिट्रिप्टिलिन आणि क्लोरडायझेपॉक्साइड एकत्र असतं. 'टेन्शनची गोळी' म्हणून वर्षानुवर्षं चालणारं फ्लुपेंटिक्सॉल-मेलिट्रासेन हे जोडऔषध: यातलं मेलिट्रासेन नैराश्याचं आणि फ्लुपेंटिक्सॉल मनोविकाराचं, ज्याने हातपाय ताठरूही शकतात. आणि सगळ्यात जास्त खपणारी जोडी म्हणजे एस्सिटॅलोप्राम अधिक क्लोनाझेपाम. क्लोनाझेपामचा अंमल दीड दिवसाच्या आसपास रेंगाळतो. रोज घेतलं की आदल्या दिवशीचं उरलेलं आजच्यात मिसळतं.

जोडगोळीची अडचण अशी की एक औषध ठेवून दुसरं कमी करायचं म्हटलं तर करता येत नाही. डॉक्टरांना दोन सुटी औषधं लिहून द्यायला सांगा, मगच त्यातलं क्लोनाझेपाम हळूहळू उतरवता येतं.

बिअर्स यादीतलाच आणखी एक नियम: मेंदूवर काम करणारी तीन किंवा अधिक औषधं एका वेळी नकोत. आपल्याकडे हाडांच्या डॉक्टरांची नसांची गोळी, फिजिशियनची झोपेची आणि मनोविकारतज्ज्ञांची नैराश्याची असे तीन कागद तीन फायलींत असतात, आणि तिघेही आपापल्या जागी बरोबर असतात.

मनोली

खलबत्तांना +१. त्या साखळीतली पुढची कडी जोडते. गोळीने अंधारी येते, घरचे 'चक्कर येते' सांगतात, आणि चक्करसाठी सिनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन सुरू होतं. ही दोन्ही दीर्घकाळ घेतली तर कंपवातासारखी लक्षणं आणू शकतात: पाऊल घासत चालणं, वळताना अडखळणं. मग कंपवाताची गोळी. एका शब्दाच्या ढिसाळपणातून एकाची तीन औषधं. निवांत_नाडींनी चक्करची फोड सुरुवातीलाच केली ते फार बरं झालं.

पण आता दुसरी बाजू. हा धागा वाचून कुणी गोळी नाकारेल अशी धास्ती वाटते. उपचार न झालेलं नैराश्य ज्येष्ठांचं वजन उतरवतं, स्नायू झिजवतं, बाहेर पडणं थांबवतं. घरात बसलेल्या माणसाचे पाय चार-सहा आठवड्यांत थकतात. आत्महत्येचा धोका तर वेगळाच आणि खरा आहे. त्यामुळे प्रश्न 'गोळी हवी का नको' एवढाच नसतो. नैराश्य सौम्य असेल तर समुपदेशन, ठरलेला दिनक्रम, रोज एक आवडीचं आणि एक गरजेचं काम ठरवून करणं, यांनी फरक पडतो. मध्यम किंवा तीव्र असेल तर गोळी लागते आणि ती द्यावी. तपासायला १५ प्रश्नांची ज्येष्ठांसाठीची प्रश्नावली असते, हो-नाही उत्तरांची. ५ किंवा जास्त गुण आले तर नीट तपासणी हवी. शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांकही आहे.

गुडघेदुखी

सोडियम कमी होतं म्हणजे मीठ कमी होतं ना? मग लपवलेली लोणच्याची बरणी सन्मानाने परत आणू का?

निवांत_नाडी

गुडघेदुखी, बरणी तिथेच राहू दे. हा गैरसमज फार महागात पडतो. या गोळ्यांनी शरीर मीठ गमावतं असं नाही. पाणी धरून ठेवायला सांगणारं संप्रेरक जास्त काम करू लागतं, मूत्रपिंड पाणी सोडत नाहीत आणि रक्त पातळ होतं. मीठ तेवढंच, पाणी जास्त, म्हणून प्रमाण कमी. अशा माणसाला 'अशक्तपणा आलाय' म्हणून दिवसभर लिंबूपाणी आणि नारळपाणी पाजत बसलं तर सोडियम आणखी उतरतं. उपाय बहुधा पाणी मोजून देणं आणि गोळी बदलणं हा असतो, आणि तो डॉक्टरांनी ठरवायचा.

रक्ततपासणीत सोडियम साधारण १३५ च्या खाली आलं तर कमी समजतात. लक्षणं मामुली वाटतात: सुस्ती, मळमळ, जेवण नको, बोलताना शब्द हरवणं, पाय लटपटणं. २००६ मध्ये बेल्जियममधल्या एका अभ्यासात सोडियम जुनाट कमी असलेल्या आणि वरवर काहीच त्रास नसलेल्या १२२ रुग्णांपैकी सुमारे २१ टक्के पडून रुग्णालयात आलेले होते. तुलनेतल्या गटात तेच प्रमाण सुमारे ५ टक्के होतं. त्यांची चाल दारू प्यायलेल्या माणसासारखी डुलत होती.

धोका कुणाला जास्त? वय जास्त, बाई, वजन कमी, आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी थायझाइड गटाची गोळी चालू. रक्तदाबाच्या गोळीच्या नावाशेवटी 'एच' किंवा 'सीटी' दिसलं तर आत बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असतं. अशा वेळी नैराश्याची गोळी सुरू करण्याआधी एकदा आणि सुरू केल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा सोडियम तपासून घ्यावं. मात्रा वाढवली की परत. तपासणी साधी आहे, पण सांगितल्याशिवाय होत नाही. ज्यांचं एकदा उतरलंय त्यांना मिर्टाझापिनचा पर्याय विचारात घेतला जातो. तिथे सोडियमचा धोका कमी, पण गुंगी जास्त. म्हणजे एक दार बंद केलं की दुसऱ्यावर लक्ष ठेवायचं.

हृदयाचं राहिलं. सिटॅलोप्राम ६० वर्षांपुढे दिवसाला २० मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत, आणि एस्सिटॅलोप्रामची युरोपातली मर्यादा ६५ पुढे १० मिलिग्रॅम आहे. कारण हृदयाच्या विद्युत लयीतला एक टप्पा लांबतो. त्यात ॲसिडिटीसाठी 'पॅन्टोप्राझोल-डी' चालू असेल, तर त्यातलं 'डी' म्हणजे डोमपेरिडोन, जे तोच टप्पा लांबवतं. पॅरोक्सेटिन किंवा फ्लुओक्सेटिनबरोबर मेटोप्रोलॉल असेल तर यकृतात मेटोप्रोलॉल मोडण्याची वाट अडते, त्याचं रक्तातलं प्रमाण वाढतं आणि नाडी मंदावते. अंधारी आली तेव्हा नाडी ५० च्या खाली होती का, ही नोंद घरच्यांनी ठेवली तर डॉक्टर दुवा देतील.

टेम्सकाठी

वाचनखूण साठवली आहे.

एक शंका. पडू नये म्हणून ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी दर आठवड्याला घ्यायची पद्धत दिसते. तिचा उपयोग होतो का?

शंकेखोर

अवांतर आहे पण चांगलं आहे. कमतरता असेल तर ती भरून काढावी, साधारण ८ आठवडे साप्ताहिक आणि मग डॉक्टर सांगतील तशी कमी मात्रा. पण 'जास्त घेतलं की हाडं जास्त मजबूत' हे गणित उलटं पडू शकतं. ऑस्ट्रेलियात ७० वर्षांपुढच्या २,२५६ बायकांना वर्षातून एकदा ५ लाख युनिटचा डोस किंवा खोटी गोळी दिली. २०१० मध्ये निकाल आला. डोस घेणाऱ्यांत पडण्याचं प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी आणि हाडं मोडण्याचं सुमारे २६ टक्क्यांनी *जास्त*. साप्ताहिक पुडी वर्षानुवर्षं कुणी न बघता चालू ठेवली की कॅल्शियम वाढून मळमळ, बद्धकोष्ठ आणि गोंधळलेपणही येतं.

रात्रपाळी

पहाटेबद्दल कुणीच बोललं नाही. वॉर्डात पडण्याच्या नोंदी बघितल्या तर लघवीला उठण्याची वेळ वारंवार सापडते. झोपेची गुंगी, रक्तदाब खाली, अंधार आणि घाई, चारही एकत्र.

गोळीच्या वेळा म्हणून महत्त्वाच्या. सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्राम, फ्लुओक्सेटिन सहसा सकाळी नाश्त्यानंतर. मिर्टाझापिनसारखी गुंगीची झोपताना, आणि 'झोपताना' म्हणजे पलंगावर बसून, लघवी करून आल्यावर. गोळी घेऊन मग मालिका बघत सोफ्यावर पेंगायचं आणि तिथून उठून पलंगाकडे जायचं, हा प्रवास टाळा. लघवी वाढवणारी गोळी रात्री असेल तर सकाळी हलवता येते का, ते विचारा. प्रोस्टेटसाठीची टॅमसुलोसिन, सिलोडोसिन याही उठताना रक्तदाब पाडतात. पुरुषांना पलंगाजवळ लघवीचं भांडं ठेवा. लाज पहिल्या दोन रात्रींची असते.

उठण्याचा क्रम: डोळे उघडल्यावर आडव्यानेच पावलं वर-खाली १५-२० वेळा हलवायची. कुशीवर वळून बसायचं, पाय जमिनीला टेकवून एक-दोन मिनिटं थांबायचं. उभं राहून पलंगाला धरून १० मोजायचे. मगच पाऊल. दिवा हाताशी हवा, किंवा हालचालीने लागणारा छोटा दिवा पलंगाखाली. वीज जाते तिथे बॅटरी उशीजवळ, खणात नाही.

आणि पडलं तर: काखेत हात घालून ओढून उभं करू नका. आधी विचारा कुठे दुखतं. एक पाय आखूड दिसतोय आणि बाहेर वळलाय, तर खुब्याचं हाड मोडलं असं समजून हलवू नका, १०८ ला फोन करा. काही नसेल तर कुशीवर वळवा, हात-गुडघ्यांवर आणा, समोर भक्कम खुर्ची ठेवा, दोन्ही हात तिच्यावर, धडधाकट पायाचं पाऊल पुढे, आणि मग त्यांनी स्वतः उठायचं. मागे दुसरी खुर्ची सरकवायची. डोक्याला मार असेल आणि क्लोपिडोग्रेल, ॲस्पिरिन, वॉरफरिन असलं काही चालू असेल तर टेंगूळ नसलं तरी दाखवा. नैराश्याच्या नव्या गटातल्या गोळ्या स्वतःच रक्तस्रावाची प्रवृत्ती थोडी वाढवतात. डोक्यातला रक्तस्राव कधी कधी दोन-तीन आठवड्यांनीही 'हल्ली जरा विसरतात' म्हणून पुढे येतो.

उंबरठा

गोळ्यांचं ज्ञान माझं नाही. न्हाणीघराचं आहे.

भिंतीला दांडा लावायचा तर जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांवर. कमोडशेजारी एक आडवा आणि दाराजवळ एक उभा. टॉवेलचा दांडा हा दांडा नव्हे, तो माणसासकट खाली येतो. रबरी चोषकाने चिकटणारे दांडे ओल्या टाइलवर विश्वासाचे नाहीत. चार इंची पोकळ ठोकळ्यांची भिंत असेल तर साधा प्लॅस्टिकचा गुल्ला धरत नाही, रासायनिक अँकर नाहीतर आरपार बोल्ट टाका. निदान ११० किलो भार झेलायला हवा, कारण पडता माणूस आपल्या वजनापेक्षा जास्त ओढतो.

दार बाहेर उघडणारं करा किंवा कडी बाहेरून उघडता येईल अशी बसवा. आत पडलेला माणूस दारालाच अडतो, आणि मग दार तोडताना त्यालाच लागतं. मोरीचा उंबरा काढता आला तर काढा, नाहीतर त्याच्या काठावर ठळक रंगाची पट्टी मारा. आंघोळ स्टुलावर नको, पाठ आणि हात असलेल्या, पायांना रबराचे बूट असलेल्या खुर्चीवर. बादली जमिनीवरून उचलायला लागू नये. आणि बंद न्हाणीघरात कढत पाण्याने आंघोळ करून झटकन उठणं म्हणजे निवांत_नाडींनी सांगितलेली अंधारी हमखास. कोमट पाणी, आंघोळ संपल्यावर बसूनच अंग पुसायचं.

मागून उघड्या सपाता बंद करा. टाच धरणारी चप्पल हवी, तळवा मऊ नको, पातळ आणि न घसरणारा हवा. पलंग इतका उंच की बसल्यावर दोन्ही पावलं पूर्ण टेकतील आणि गुडघा काटकोनात राहील.

गुडघेदुखी

म्हणजे दिवाळीत अंगभर तेल लावून, पहाटे चार वाजता, उपाशीपोटी, कढत पाणी आणि गुळगुळीत मोरी. अभ्यंगस्नान ही वर्षातून एकदा होणारी क्षमता चाचणी आहे तर.

उंबरठा

खिक्. खरं तर हो. तेल तळपायांना लावू नका आणि लावून चालत मोरीत जाऊ नका. बसवून, तिथेच लावा.

चालकाठी

गोळी, पाणी, दांडा सगळं झालं, पायांकडे कुणी बघेल का? तीन चाचण्या घरी होतात, जवळ माणूस उभा ठेवून.

खुर्चीतून उठून ३ मीटर चालत जायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे. छातीवर हात बांधून खुर्चीतून पाच वेळा उठ-बस: १५ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर मांड्या थकल्यात. एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून १० सेकंद उभं राहणं: जमलं नाही तर तोल कच्चा आहे.

गोळी सुरू करण्याच्या आदल्या दिवशी हे मोजून कागदावर लिहा आणि मग दर आठवड्याला त्याच खुर्चीत, त्याच चपलांत, त्याच वेळी. ९ सेकंदांचे १३ झाले की गोळीने काहीतरी केलंय. नुसतं 'जरा डुलल्यासारखं वाटतं' यापेक्षा डॉक्टरांना हे हजार पटीने उपयोगी. पायांसाठी टाचा उचलणं, बोटं उचलणं, बाजूला पाय नेणं, खुर्चीतून उठणं, प्रत्येकी १० वेळा, आठवड्यातून तीन दिवस, ओट्याला धरून. सुरुवातीला दोन्ही हात, मग एक, मग बोटं. व्यायामाने नैराश्यालाही उतार पडतो, हे विसरू नका.

आणि दुहेरी काचेचा चष्मा. जिना उतरताना खालच्या काचेतून पायरी धूसर दिसते. रोज बाहेर फिरणाऱ्यांनी फक्त दूरचा वेगळा चष्मा ठेवावा. जे घरातच असतात त्यांना मात्र नवा चष्मा उगाच बदलून गोंधळ होतो, त्यांनी बदलू नये.

शंकेखोर

चालकाठी, व्यायामाला जोड म्हणून एक. १९९९ मध्ये न्यूझीलंडमध्ये ६५ वर्षांपुढच्या ९३ जणांवर प्रयोग झाला. मनावर काम करणारी औषधं, त्यातही बहुतेक झोपेच्या गोळ्या, काही जणांच्या १४ आठवड्यांत हळूहळू थांबवल्या. त्यांचं पडणं तब्बल ६६ टक्क्यांनी कमी झालं. पण प्रयोग संपल्यावर महिनाभरात त्या थांबवलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी गोळी पुन्हा सुरू केली. थांबवणं जमतं, थांबलेलं राहणं जमत नाही, ही खरी अडचण.

कंदीलवाला

वा. 'हळूहळू थांबवणं' म्हणजे काय ते कुणी सांगेल? चतकोर करायची का?

मनोली

आधी अट: नैराश्य बरं झाल्यावरही निदान ६ ते १२ महिने गोळी चालते, ज्येष्ठांमध्ये बहुधा अधिक. ती मुदत संपल्यावर आणि सणावारी, घर बदलताना, जोडीदार गेल्यावर लगेच नाही.

वेग गोळीवर अवलंबून. व्हेनलाफॅक्सिन शरीरातून काही तासांत उतरते, पॅरोक्सेटिन साधारण दिवसात, सर्ट्रालिन आणि एस्सिटॅलोप्राम दीड दिवसाच्या आतबाहेर, फ्लुओक्सेटिनला मात्र काही आठवडे लागतात. पहिल्या दोन अचानक थांबवल्या तर दोन-चार दिवसांत गरगरणं, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं, मळमळ, चिडचिड. शंकेखोरांच्या २८ दिवसांचं हे एक स्पष्टीकरण. म्हणून काही आठवडे ते काही महिने घेऊन उतरवायचं. सुरुवातीच्या पायऱ्या मोठ्या चालतात, शेवटच्या लहान कराव्या लागतात, कारण कमी मात्रेतही गोळीने मेंदूतली बरीचशी जागा धरलेली असते आणि शेवटचा तुकडा काढताना परिणाम सगळ्यात जास्त उमटतो.

चतकोर: ज्या गोळीवर मधोमध खाच आहे ती तोडता येते. लांब अंमलाच्या, म्हणजे नावात 'एक्सआर' किंवा 'ईआर' असलेल्या, चुरायच्या नाहीत. ड्युलॉक्सेटिनच्या कॅप्सूलमधले दाणे कुटायचे नाहीत. 'एक दिवसाआड घ्या' हा सल्ला फ्लुओक्सेटिन सोडता बाकीच्यांना चुकीचा, कारण रोज एकदा चढ आणि एकदा उतार होतो. त्या काळात पडणं, झोप आणि मूड तीन रकान्यांत लिहा.

खलबत्ता

रकान्यांना जोडून: डॉक्टरांकडे जाताना फायली नेऊ नका, सगळ्या गोळ्या पाकिटासकट एका पिशवीत न्या. सर्दीची, खोकल्याची, आयुर्वेदिक, झोप येत नाही म्हणून शेजाऱ्यांनी दिलेली, सगळ्या. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, गुडघ्यासाठी घेतलेलं ट्रामाडोल कागदावर कधीच नसतं. ट्रामाडोल आणि नैराश्याच्या नव्या गटातल्या गोळ्या एकत्र आल्या तर थरथर, घाम, ताप, गोंधळ इतकं होऊ शकतं, शिवाय सोडियमही उतरतं. उन्हाळ्यात आणि उपवासाच्या दिवशी रक्तदाबाची गोळी कशी घ्यायची तेही त्याच वेळी विचारून घ्या. एकादशीला साबुदाण्यापेक्षा पाणीच कमी पडतं, असा अनुभव सगळ्या दुकानांचा असावा.

गुडघेदुखी

पिशवी भरून झाली. कंदीलवाला, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं का? की सगळ्याच गोळ्या सारख्या?

कंदीलवाला

नाही, सारख्या नाहीत. एवढं तरी कळलं. आमच्या गटावर परत तेच ढकलपत्र आलं तर मी खालचा मजकूर टाकणार आहे, चुकत असेल तर आत्ताच सांगा:

'गोळी मनाने, एकदम थांबवू नका. पाकिटाच्या मागचं वाचा. सुरू करताना आणि मात्रा बदलताना पहिले चार आठवडे रात्री एकट्याने उठू देऊ नका. सकाळी झोपून आणि उभं करून रक्तदाब. दोन आठवड्यांनी सोडियम. चक्कर आली म्हणायचं नाही, गरगरतं, अंधारी येते की पाय लटपटतात ते सांगायचं.'

निवांत_नाडी

ठीक आहे. फक्त 'रात्री एकट्याने' च्या पुढे 'पहाटेही' टाका, लोक चार वाजताला रात्र म्हणत नाहीत.